‘बंद पडलंय’ म्हणजे नेमकं कुठे अडलंय?

(वारजे येथे तरुण मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

 

या कार्यक्रमाचा निरोप आला तेव्हा मला सांगितलं होतं, ‘करिअर’ या विषयावर बोला. मी म्हटलं, करिअरवर उपदेश करणं मला जमणार नाही. मी नेटवर्कची कामं करते. राउटर बसवायचे, स्विच बसवायचे आणि ते बंद पडले की रात्री-अपरात्री उठून चालू करायचे, हा माझा धंदा. त्यावर बोलू देणार असाल तर येते. त्यांनी ‘या’ म्हटलं. म्हणून आज मी एका बंद पडलेल्या राउटरबद्दल बोलणार आहे. तो इथून चालत दहा मिनिटांवर, वारजे माळवाडीतल्या एका खोलीत बंद पडला होता. आणि तो मीच बंद पाडला होता.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. माळवाडीत एका पिठाच्या गिरणीच्या वर रिकामी खोली होती. गिरणीवाल्या चाचांनी ती भाडं न घेता दिली होती आणि आमच्या ओळखीच्या एक आपा तिथे संध्याकाळी अभ्यासिका चालवायच्या. आपा शाळेत शिक्षिका. दहा संगणक होते, सगळे इकडून तिकडून मागून आणलेले. पाच ते सात ही वेळ फक्त मुलींची. आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात नेट आहे. तेव्हा त्या मुलींपैकी बहुतेकींकडे स्वतःचा मोबाइल नव्हता. ‘आपा आहेत, घराजवळ आहे, सातला परत येते’ एवढ्या तीन गोष्टींवर त्यांना घरून परवानगी मिळालेली. खोली बंद झाली तर त्यांच्यासाठी नेट बंद, अभ्यास बंद आणि घराबाहेर पडायचं कारणही बंद.

एका ऑफिसने जुनं सामान काढलं, त्यातला एक राउटर आम्हाला मिळाला. सिस्कोचा १८४१. घरात भिंतीला टांगतो तसला नाही, चांगला जाडजूड लोखंडी डबा. सोबत केबली आणि त्या ऑफिसातल्या भाईंनी दिलेली एक सीडी. तिच्यात राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन फाइली होत्या. एक तेव्हा चालू असलेली, एक तिच्या पुढची.

आता शेवटच्या वर्षाच्या मुलीला ‘पुढची’ फाइल दिसल्यावर ती गप्प बसेल का? जुनी व्यवस्थित चालत होती. पण मला नवी घालायची होती. राउटरच्या कार्डावर दोन्ही मावत नव्हत्या. मग मी जुनी पुसली आणि नवी चढवायला घेतली. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, खाली गिरणीची मोटर. फाइल अर्धी चढली आणि दिवे गेले.

दिवे परत आले. संगणक चालू झाले. राउटरचा पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण तो स्थिर होईना. नुसता लुकलुकत राहिला. एकाही संगणकावर नेट नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी तीनदा बंद-चालू केला. तेच.

आपांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “लाइट गेल्यामुळे बंद पडलं.” हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. लाइट तर रोजच जायची. चाचा पीठ झटकत वर आले. “बेटी, जल गया क्या मशीन?” त्यांच्याबरोबर आणखी एक गृहस्थ होते. ते म्हणाले, “पोरींच्या हातात द्यायची वस्तू आहे का ही?” हे वाक्य माझ्याबद्दल होतं, पण ऐकत होत्या तिथे बसलेल्या आठ मुली. मला त्या क्षणी राउटरपेक्षा त्या आठ चेहऱ्यांची जास्त भीती वाटली.

सगळे गेल्यावर आपांनी दार लोटलं, फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता पहिल्यापासून सांग. मला यातलं काही कळत नाही, म्हणून नीट सांग.” मी सगळं सांगितलं. जुनी फाइल पुसली तेही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बंद पडलं म्हणजे कुठल्या पायरीवर बंद पडलं?”

मला उत्तर देता येईना. मी नुसतं ‘बंद पडलं’ म्हणत होते. आणि ‘बंद पडलं’ ही माहितीच नव्हे.

हे मला खरं तर घरातच माहीत असायला हवं होतं. माझ्या अब्बांकडे बजाजची चेतक होती, आपल्या आकुर्डीत बनलेली. पावसाळ्यात सकाळी ती किक मारून मारून सुरू व्हायची नाही. अब्बा एकदाही ‘गाडी खराब झाली’ असं म्हणाले नाहीत. ते गाडी डावीकडे कलती करायचे, पेट्रोलचा कॉक बघायचे, मग प्लग काढून पुसायचे, ठिणगी पडते का ते बघायचे. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का? ठरलेल्या क्रमाने एकेक पायरी. गाडी कुठेतरी एकाच जागी अडलेली असते आणि ती जागा शोधायची असते.

राउटरचंही तसंच आहे. तो चालू होतो म्हणजे काय होतं ते सांगते. यात चार जागा लक्षात ठेवा. पहिली रॉम. तिच्यात एक अगदी छोटा प्रोग्राम असतो, तो रोजच्या वापरात पुसला जात नाही. दुसरी फ्लॅश, म्हणजे ते कार्ड. तिच्यात मोठी ऑपरेटिंग सिस्टिम, सिस्कोमध्ये तिला आयओएस म्हणतात. तिसरी एनव्हीरॅम. तिच्यात तुम्ही केलेली मांडणी, म्हणजे कुठल्या पोर्टला कुठला पत्ता, पासवर्ड काय, वगैरे. वीज गेली तरी ती टिकते. चौथी रॅम. तिथे प्रत्यक्ष काम चालतं आणि वीज गेली की सगळं पुसलं जातं.

बटण दाबलं की आधी रॉममधला छोटा प्रोग्राम उठतो. तो यंत्राची तपासणी करतो. मग एक आकडा वाचतो, त्याला कॉन्फिगरेशन रजिस्टर म्हणतात. नेहमीचा आकडा २१०२, सोळाच्या पद्धतीने लिहिलेला. त्यातला शेवटचा अंक सांगतो की पुढे कुठे जायचं. शेवटी शून्य असेल तर इथेच थांब. दोन असेल तर मांडणीत लिहिलेली सिस्टिम शोध, तशी नोंद नसेल तर फ्लॅशमधली घे. मग ती मोठी फाइल उलगडून रॅममध्ये ठेवायची आणि तिच्या हातात कारभार द्यायचा. ती मोठी सिस्टिम मग एनव्हीरॅममधली मांडणी वाचते आणि राउटर कामाला लागतो.

याला ‘बूट होणं’ का म्हणतात माहीत आहे? पायातल्या बुटाला मागे एक पट्टी असते, तिला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला जमिनीवरून उचलायचं, अशी ती कल्पना. अशक्य गोष्ट. संगणकापुढे हाच पेच होता. प्रोग्राम चालवायला आधी मेमरीत प्रोग्राम हवा, आणि मेमरीत प्रोग्राम आणायलाही प्रोग्रामच हवा. मग हा पेच सुटतो कसा? कुणीतरी आधीच एक छोटा प्रोग्राम रॉममध्ये कोरून ठेवलेला असतो. कुठलंच यंत्र निव्वळ स्वतःच्या बळावर उठत नाही. मला यंत्रांमधली ही गोष्ट फार आवडते.

तर आपांनी फळ्यावर चार पायऱ्या लिहिल्या. वीज येते का? हो. छोटा प्रोग्राम उठतो का? माहीत नाही. मोठी फाइल आहे का? बहुधा नाही. मांडणी आहे का? माहीत नाही. त्या म्हणाल्या, “दोन ठिकाणी माहीत नाही लिहिलंय. उद्या ते आधी शोध.”

रात्री मी त्या राउटरचं माहितीपुस्तक वाचलं. त्यात लिहिलं होतं की हिरवा दिवा स्थिर असेल तर सगळं ठीक. लुकलुकत असेल तर यंत्र बूट होतंय किंवा रॉम मॉनिटरमध्ये आहे. म्हणजे ज्याला आम्ही मेलेलं समजत होतो ते रॉम मॉनिटरमध्ये जागं होतं. तो दिवा तासभर आम्हाला तेच सांगत होता.

त्याच्याशी बोलायचं कसं? नेटवर्कवरून नाही, कारण नेटवर्क चालवणारी मोठी सिस्टिमच नाही. राउटरच्या मागे एक वेगळं भोक असतं, कन्सोल पोर्ट. त्याची फिकट निळी, चपटी केबल सामानासोबत आली होती. ती कशाची ते कळलं नाही म्हणून मी कोपऱ्यात टाकली होती. तिचं दुसरं टोक संगणकाच्या सिरियल पोर्टला लागतं. आजच्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, यूएसबीचा जोड घ्यावा लागतो. आमचे संगणक इतके जुने होते की त्यांना ते होतं. गरिबीचा असाही कधी फायदा होतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी केबल लावली. पुटी नावाचा फुकट प्रोग्राम उघडला. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. राउटर चालू केला. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. शेवटी एक तक्रार आली, चालवण्याजोगी फाइल फ्लॅशमध्ये सापडत नाही. आणि तिच्याखाली दोन शब्दांची ओळ, ‘रॉममॉन १’, पुढे एक बाणासारखी खूण आणि लुकलुकणारा कर्सर.

मित्रांनो, ती ओळ बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण त्या यंत्राने जे केलं ते मला आदल्या दिवशी जमलं नव्हतं. त्याने ‘बंद पडलं’ असं म्हटलं नाही. माझ्याकडे काय नाही ते नेमकं सांगितलं आणि पुढे काय करू म्हणून वाट बघत बसलं.

आता त्या वेगाबद्दल थोडं सांगते. ९६०० म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. हा आकडा क्षुल्लक वाटतो ना? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशातल्या अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कची दिल्ली ते मुंबई लाइन याच वेगाची होती, ९.६ किलोबिट. आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, मुंबईची एनसीएसटी असल्या संस्था अशा लाइनींवर जोडल्या होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. म्हणजे माझ्या त्या निळ्या केबलीतून जेवढी अक्षरं येत होती, तेवढ्यावर कधीकाळी देशातल्या मोठमोठ्या संस्थांचा पत्रव्यवहार चालत होता.

पण मला त्या केबलीतून जवळजवळ २० एमबीची फाइल पाठवायची होती. तशी सोय रॉममॉनमध्ये आहे, तिला एक्समोडेम म्हणतात. हिशेब करा. सिरियल केबलीवर एका अक्षरामागे एकूण दहा बिट जातात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. २० एमबीला सहा तासांहून जास्त. आणि त्या सहा तासांत माळवाडीत लाइट जाणार नाही, याची हमी कोण देणार?

दुसरा रस्ता होता. रॉममॉनला नेटवर्क जवळजवळ येत नाही, पण एक गोष्ट येते. टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीने तो शेजारच्या संगणकाकडून फाइल मागू शकतो. ही पद्धत इतकी साधी आहे की तिला पासवर्ड नाही, यादी दाखवणं नाही. ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, ‘मिळाला’ असा निरोप आला की पुढचा. बुद्धी कमी, पण अडचणीच्या वेळी तीच उपयोगी.

मी सीडीतली जुनी फाइल, हो, या वेळी जुनीच, एका संगणकावर ठेवली आणि तिथे टीएफटीपी सर्व्हर चालू केला. राउटरचा पहिला पोर्ट आणि तो संगणक दोन्ही आमच्या स्विचला जोडले. मग रॉममॉनला पाच गोष्टी सांगायच्या असतात. तुझा पत्ता काय, तुझ्या नेटवर्कचा मास्क काय, गेटवे कोण, फाइल देणारा संगणक कोण आणि फाइलचं नाव काय. एका ओळीत एक, बरोबरची खूण देऊन. मी पाचही लिहिल्या आणि डाउनलोडची आज्ञा दिली. तो म्हणाला, पत्ता दिलेला नाही.

दिला होता की! दहा मिनिटं मी त्याच्याशी भांडत होते. मग लक्षात आलं, नावं मोठ्या लिपीतच लिहावी लागतात आणि खूण करताना मधे जागा सोडायची नाही. मोठ्या सिस्टिमला असलं काही चालून जातं. या छोट्याला नाही. तळाशी गेलात की सगळं अक्षरशः असतं. तुम्हाला काय म्हणायचंय हे तिथे कुणी समजून घेत नाही, तुम्ही काय लिहिलंय तेवढंच घेतो.

नीट लिहिलं. मग फाइल येईना, वेळ संपली म्हणतो. संगणकाचा फायरवॉल आडवा आला होता. तो तेवढ्यापुरता बंद केला. मग एक धोक्याची सूचना आली, ही आज्ञा फक्त संकटाच्या वेळी वापरा, फ्लॅशमधलं सगळं पुसलं जाईल. वाचून माझा हात थांबला. पुन्हा लिहिताना लाइट गेली तर?

त्या आज्ञेला आर हे अक्षर जोडलं तर ती फ्लॅशला हात लावत नाही. फाइल सरळ रॅममध्ये घेते आणि चालवते. हे रात्री वाचलं होतं म्हणून आठवलं. ते करायचं ठरवलं. तरीही वीज हवीच. मी खाली जाऊन चाचांना म्हटलं, “चाचा, अर्धा तास गिरणी थांबवाल का? मोटर सुरू झाली की वर दिवे मंद होतात.” दुपारची गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी होती. चाचांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पट्टा उतरवला. गिऱ्हाइकांना म्हणाले, “ऊपर ऑपरेशन चल रहा है.”

पडद्यावर उद्गारचिन्हं उमटायला लागली. ही त्या यंत्राची पद्धत आहे, तुकडे येत गेले की उद्गारचिन्हांची रांग वाढत जाते. एक ओळ भरली, दुसरी भरली. मग फाइल पूर्ण मिळाल्याची ओळ आली. मग फाइल उलगडल्याच्या खुणा. मोठी सिस्टिम उठली, तिने एनव्हीरॅम उघडली आणि मी महिन्यापूर्वी राउटरला दिलेलं नाव पडद्यावर आलं. ‘अभ्यासिका’. मांडणी सगळी जशीच्या तशी होती. आपांच्या फळ्यावरच्या दोन्ही ‘माहीत नाही’पुढे आता ‘हो’ लिहिता येणार होतं.

त्यानंतर सिस्टिम चालू असतानाच मी फाइल फ्लॅशमध्ये उतरवली, नीट उतरली का ते तपासलं आणि राउटर एकदा बंद करून चालू केला. हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि स्थिर झाला. पाच वाजता मुली आल्या. नेट चालू होतं.

तुमच्यातल्या जाणत्यांच्या मनात एक प्रश्न आला असेल. १८४१चं फ्लॅश कार्ड तर बाहेर काढता येतं. कार्ड रीडर असता तर पाच मिनिटांचं काम. बरोबर आहे. आमच्याकडे रीडर नव्हता. आणि असता तर मी आज इथे बोलायला उभी नसते, कारण मला तळाचा रस्ता कळलाच नसता.

पण गोष्ट इथे संपली नाही. नववीतल्या एका मुलीने विचारलं, “हा रॉममॉन कोण?” मी तिला सांगायला लागले. आपा म्हणाल्या, “सांगू नकोस, करून दाखव.” मग आम्ही एक खेळ सुरू केला. दर शनिवारी मी त्या आकड्याचा शेवटचा अंक शून्य करून ठेवायची, २१००. राउटर पुन्हा चालू केला की तो रॉममॉनमध्येच थांबायचा. फाइल आहे, मांडणी आहे, तरी थांबलाय. मुलींनी केबल लावायची, फ्लॅशमध्ये काय आहे ते यादीची आज्ञा देऊन बघायचं, आकडा परत २१०२ करायचा, रिसेट म्हणायचं आणि उठवायचं. आधी फळ्यावर पायऱ्या, मग हात लावायचा. महिनाभराने ते गृहस्थ एकदा आले तेव्हा एक मुलगी त्या डब्यापुढे बसली होती. ते काही बोलले नाहीत. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि गेले. मला तेवढं पुरे होतं.

आता तुमच्या घरातल्या राउटरकडे येते. तोही आतून असाच आहे. त्यातल्या अनेकांमध्ये यू-बूट नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने सुरू केला. २००० साली त्याचं नाव वेगळं होतं, २००२ पासून यू-बूट. तो मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा सगळा मजकूर कुणीही वाचू शकतं. घरच्या राउटरच्या सर्किटवर बहुधा तीन-चार टाके असतात, पाठवणारा, घेणारा, अर्थ आणि वीज. तिथे ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल जोड लावायचा. पाच व्होल्टचा लावलात तर चिप जळू शकते. आणि वीजेच्या टाक्याला काहीच लावायचं नाही. वेग बहुतेक वेळा १,१५,२००. चालू केलं की सेकंद उलटे मोजले जातात. एक-दोन-तीन सेकंद. तेवढ्यात कळ दाबलीत तर तो थांबतो आणि तुमचं ऐकतो. आपले पत्ते दाखव, पत्ता बदल, टीएफटीपीवरून फाइल मेमरीत आण, ती चालव. रॉममॉनसारखंच, फक्त शब्द वेगळे.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. यू-बूट बहुधा फ्लॅशमध्येच पहिल्या भागात बसलेला असतो. फ्लॅश सगळी पुसलीत तर तोही पुसला जातो. मग केबलीने काम होत नाही, चिपला चिमटा लावून लिहावं लागतं. म्हणून पहिला धडा पुसायचा नाही, वाचायचा. आधी जे आहे त्याची प्रत काढून ठेवा. मी त्या दिवशी वाचले ती माझ्या हुशारीने नाही, सीडीवर जुनी फाइल होती म्हणून.

मुक्त असण्याने काय फरक पडतो ते बघा. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी ५४जी हा घरगुती राउटर लिनक्सवर चालत होता. लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला २००३ साली त्याचा स्रोत जाहीर करावा लागला. तो वाचून लोकांनी २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी उभं केलं. आज शेकडो प्रकारच्या राउटरवर ते चालतं. जुनं यंत्र कंपनीने सोडून दिलं तरी लोक ते चालवतात.

आणखी एक गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मी बसणार नाही. त्या आकड्याचं २१४२ केलं तर सिस्कोचा राउटर उठताना मांडणीच वाचत नाही. म्हणजे पासवर्डही वाचत नाही. विसरलेला पासवर्ड बदलायचा हा रीतसर मार्ग आहे. आणि दुसऱ्याच्या राउटरमध्ये शिरायचाही. ज्याच्या हातात केबल आहे त्याच्या हातात सगळं आहे. म्हणून राउटर कुलूपबंद ठेवायचा. आणि आपण फक्त आपल्या किंवा ज्याची परवानगी आहे त्याच्याच यंत्राला हात लावायचा. परवानगीशिवाय शिरणं हा २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा भंग आहे. पण कायदा नसता तरी हे चूकच होतं. तळाची माहिती ही विश्वासावर मिळालेली गोष्ट असते.

आता शेवटचं. आपल्याकडे ‘बंद पडलं’ हे वाक्य फार वापरलं जातं. “त्याचं शिक्षण बंद पडलं.” “तिचं इंग्रजी कच्चंय, जमणार नाही.” “आपल्या पोरांना गणित येत नाही.” मला कुणी असं म्हटलं की मी आपांचा प्रश्न विचारते. कुठल्या पायरीवर? बारावीला नापास झाला म्हणजे गणित येत नाही, की आठवीतला अपूर्णांक सुटलाय? शिष्यवृत्ती मिळाली नाही म्हणजे मुलगी हुशार नाही, की उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही? नेमकी पायरी सापडली की पुष्कळदा काम आज्ञांच्या पाच ओळींचं निघतं. आणि ती पायरी सापडायला आधी एक गोष्ट कबूल करावी लागते, माझ्याकडे अमुक नाही. मी जुनी फाइल पुसली. मला हे येत नाही. हे बोलायला मला एक दिवस लागला. तुम्हाला तेवढा लागू नये.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा, बंद पडलेला एखादा राउटर घ्या. जोड आणि तारा तपकीर गल्लीच्या आसपास मिळतील. एकट्याने करू नका, चौघांनी मिळून करा. आधी कागदावर पायऱ्या लिहा. ज्या पायरीपुढे ‘माहीत नाही’ लिहावं लागेल तिथून सुरुवात करा.

अडलात तर मला विचारा. पण ‘बंद पडलंय’ म्हणून येऊ नका. पडद्यावरची शेवटची ओळ लिहून आणा.